माशांच्या टाकीत अळ्या दिसल्या, आता टाकी काढून टाकायची का?

डोंबिवलीच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या ११ वर्षांच्या मुलीची दोन फुटी काचेची टाकी हॉलमध्ये आहे. त्यात गप्पी मासे आणि लाल चेरी श्रिम्प, म्हणजे छोट्या कोळंब्या आहेत. गणपती झाल्यावर त्यांनी टाकीसाठी नव्या पाणवनस्पती आणल्या आणि नळाखाली स्वच्छ धुऊन लावल्या. त्यानंतर गप्पीची पिल्लं दिसेनाशी होऊ लागली, श्रिम्पही कमी झाले. एका रात्री मॉसवर, म्हणजे टाकीतल्या शेवाळासारख्या झाडावर, दीड-दोन सेंटीमीटर लांबीचा, हिरवट तपकिरी, सहा पायांचा आणि शेपटीला तीन पिसं असलेला किडा दिसला. वाळूत लाल दोऱ्यासारख्या अळ्याही वळवळत होत्या. गेल्या वर्षी सासऱ्यांना डेंग्यू होऊन दवाखान्यात ठेवावं लागलं होतं, त्यामुळे सासूबाई हादरल्या आहेत. ही टाकी आजच्या आज घराबाहेर गेली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. शेजारणीकडून गोष्ट सोसायटीच्या सेक्रेटरींपर्यंत गेली. यजमानांचा सल्ला असा की, सोसायटीकडे उरलेलं अळीनाशक औषध दोन थेंब टाकावं. मुलगी म्हणते, कुणालाही मारायचं नाही. ताई विचारतात, "मी दर रविवारी टाकी साफ करते, पाणी बदलण्यासाठी बाल्कनीत बादली भरून ठेवते, एवढं करूनही माझ्याच घरात अळ्या कशा? आता टाकी काढून टाकू का?"

ताई,

आधी एवढंच करा: टाकी रिकामी करू नका आणि तिच्यात कुठलंही औषध घालू नका. तुम्ही ज्या दोन जिवांचं वर्णन केलं आहे, त्यातला एकही डास नाही. तीन पिसांचा तो किडा म्हणजे बहुधा टाचणीचं पिल्लू. आपल्याकडे तळ्याकाठी, भातखाचरात बारीक अंगाचा, बसताना बहुतेक वेळा पंख मिटून घेणारा जो कीटक दिसतो, ती टाचणी. चतुराची ती सख्खी बहीण म्हणायची. वाळूतले लाल दोरे ही कायरोनोमिड नावाच्या न चावणाऱ्या चिलटांची पिल्लं. ती माशांच्या दुकानात ब्लडवर्म म्हणून गोठवून विकायलाही असतात.

माझ्या शब्दावर विसंबू नका, सासूबाईंना तर मुळीच सांगू नका की "सदरात लिहून आलंय". त्यांना शेजारी बसवा, पांढरा वाडगा घ्या, टाकीतलं थोडं पाणी आणि त्या अळ्या त्यात घ्या आणि मुलीकडे भिंग असेल तर तेही आणा. डासाची अळी पाय नसलेली, डोकं मोठं आणि छाती फुगीर अशी असते. ती आचके देत पोहते आणि श्वासासाठी पुन्हा पुन्हा पाण्याच्या पृष्ठभागाशी येते. डेंग्यूचा एडिस आणि साधा क्युलेक्स, या दोघांच्याही अळ्या शेपटाकडच्या नळीने श्वास घेत डोकं खाली करून लटकतात. मलेरियाच्या ॲनॉफिलिसला ती नळी नसते, म्हणून त्याची अळी पृष्ठभागाला समांतर आडवी पडते. तळाच्या वाळूत घर करून राहणारी अळी डासाची नसते, आणि सहा पाय असलेलं पिल्लूही डासाचं नसतं. शेपटीकडची तीन पिसं मात्र नीट पाहा. पानासारखी चपटी असतील तर टाचणी. दोऱ्यासारखी बारीक असतील आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले हलताना दिसत असतील, तर तो मेफ्लाय नावाच्या कीटकाचा बाळकीडा, आणि त्याचा तुमच्या माशांना काही उपद्रव नाही.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते "माझ्याच घरात कशा" हे वाक्य. घरात किडा निघाला की तो घरच्या बाईच्या स्वच्छतेवर ठपका, हे आपण इतकं गृहीत धरलेलं असतं की टाचणीलाही तोच नियम लावतो. टाचणीची मादी पाण्यातल्या झाडाच्या देठाला बारीक चीर पाडते आणि त्या पेशींच्या आत अंडी घालते. वरवर चिकटलेली नसल्यामुळे नळाखाली कितीही वेळ धुतलं तरी ती निघत नाहीत. दुकानात येणाऱ्या बऱ्याच पाणवनस्पती उघड्यावरच्या टाक्यांत वाढवलेल्या किंवा थेट तळ्यातून काढलेल्या असतात. तिथे टाचण्या असणारच. तुम्ही आणलेल्या रोपांतून अंडी आली, टाकीच्या उबदार पाण्यात फुटली आणि पिल्लं वाढली. तुमच्या रविवारच्या साफसफाईचा यात काही दोष नाही.

हे पिल्लू पक्कं शिकारी आहे, हे मात्र खरं. त्याचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो. भक्ष्य टप्प्यात आलं की तो झटक्यात पुढे येतो आणि टोकाच्या आकड्यांनी पकडतो. लहान श्रिम्प, माशांचं नुकतं जन्मलेलं पिल्लू, डासाची अळी, जे मिळेल ते ते खातं. माणसाला त्याचा काही धोका नाही, त्याला विष नाही. पण पिल्लं कमी झाली त्याचा सगळा आळ त्याच्यावर टाकण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या: गप्पी स्वतःचीच पिल्लं खातात. दाट झाडी नसलेल्या टाकीत गप्पीची बरीचशी पिल्लं आईबापांच्याच पोटात जातात, टाचणी असो वा नसो. मॉस दाट असूनही श्रिम्प कमी होत असतील, तर संशय टाचणीवर जास्त आणि तो योग्यही आहे. मोठ्या गप्पींना मात्र दोन सेंटीमीटरच्या टाचणीची फारशी भीती नाही.

लाल अळ्यांसाठी फार शब्द खर्च करत नाही. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या लाल दिसतात आणि प्राणवायू कमी असलेल्या गाळातही जगतात. चिलट खिडकीतून येतं, पाण्यावर अंड्यांचा बुळबुळीत पुंजका टाकतं आणि जातं. त्या मोठ्या संख्येने दिसत असतील तर एकच अर्थ निघतो: तळाशी गाळ साठला आहे आणि बहुधा खाणं जास्त पडतं आहे. एक-दोन मिनिटांत संपेल इतकंच खाणं घाला, पाणी बदलताना नळीने वाळूतला गाळ ओढून घ्या. उरलेल्या अळ्या गप्पीच संपवतील, त्यांना तो मेजवानीचा पदार्थ आहे. फक्त त्या हाताने चिवडत बसू नका, काही जणांना ब्लडवर्मची ॲलर्जी होते.

आता सासूबाईंविषयी. ज्या बाईने गेल्या वर्षी नवऱ्याच्या प्लेटलेट्सचे आकडे रोज ऐकले, तिला पाण्यात काहीतरी वळवळताना दिसलं तर ती घाबरणारच. ती भीती खोटी नाही, ती फक्त चुकीच्या भांड्याकडे बोट दाखवते आहे. ताई, तुमच्या पत्रात धोक्याची जागा एकच आहे आणि ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे: बाल्कनीतली भरून ठेवलेली बादली.

एडिसला स्वच्छ, साठलेलं, न हलणारं पाणी आवडतं. मादी अंडी पाण्यात न घालता पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवते. आपल्या हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस पुरतात, म्हणूनच आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे साठलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करायचा दिवस, पाळायला सांगतं. आणि ही अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे बादली नुसती उपडी करून भागत नाही. आतली कड घासणीने खरवडून घासावी लागते. तुम्ही बादली किती दिवस भरून ठेवता ते पत्रात नाही. क्लोरीन उडून जायला एक दिवस पुरतो. त्यासाठी ती आठवडाभर उघडी ठेवायची गरज नाही. झाकण लावा, नाहीतर तलम कापड दोरीने घट्ट बांधा. घाई असेल तर दुकानात मिळणारं क्लोरीन काढणारं औषध वापरा आणि बादली साठवूच नका.

टाकीत मात्र डासांची अळी जगणं जवळपास अशक्य आहे, कारण तिथे गप्पी आहेत. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायती आणि महापालिका डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरींत आणि साठवणीच्या पाण्यात जे मासे सोडतात ते हेच. सासूबाईंना हे सांगा. आणि कोरड्या दिवसाचा कारभार त्यांच्याच हाती द्या, मनापासून द्या. फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, मनी प्लांटच्या बाटल्या, एसीचं गळणारं पाणी, देवघरातला फुलांचा गडू, गच्चीवरचं फुटकं डबडं. ज्यांनी डेंग्यू जवळून पाहिला आहे, त्यांच्या नजरेतून यातलं काहीही सुटत नाही. त्या तुमच्या विरोधात उभ्या आहेत असं तुम्हाला वाटतंय, पण या घरात डासांबद्दल सगळ्यात सावध माणूस त्याच आहेत.

यजमानांचं औषध मात्र बाटलीतच राहू द्या. साठलेल्या पाण्यात फवारायची बरीच अळीनाशकं ही कीटकांच्या मज्जासंस्थेवर काम करणारी विषं असतात आणि श्रिम्प हा कीटकांचा जवळचा नातलग आहे. दोन थेंबांत टाचणी मरेल की नाही सांगता येत नाही, श्रिम्प मात्र बहुधा मरतील. बीटीआय नावाचं जिवाणूपासून केलेलं अळीनाशक मासे आणि श्रिम्पना सुरक्षित असतं, पण ते डासांच्या आणि काही चिलटांच्या अळ्यांवर चालतं. टाचणीला त्याने काहीही होत नाही. ज्या वाचकांच्या गच्चीवरच्या कमळाच्या टबात खरोखर डासांच्या अळ्या झाल्या असतील आणि मासे सोडायचे नसतील, तर त्या वाचकांनी ते जरूर वापरावं. तुमच्या टाकीत त्याचं काम नाही.

सगळं ओतून, वाळू उकळून, फिल्टर साबणाने धुऊन नव्याने सुरुवात करण्याचा मोह होईल. तो टाळा. वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजमध्ये जे जिवाणू वाढलेले असतात, तेच माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं रूपांतर कमी घातक पदार्थात करतात. ते धुतले गेले की पुढच्या काही दिवसांत अमोनिया वाढतो आणि धडधाकट मासे मरतात. अळीपासून वाचवायला म्हणून केलेल्या धुलाईत अख्खी टाकी जाते. आणि टाकी बंदच केली, रिकामी करून बाल्कनीत ठेवली, तर पहिल्या पावसात तिच्यात जे पाणी साचेल तिथे खरा एडिस येईल. तेव्हा काढून टाकायचीच झाली तर ती पुरती कोरडी करून, उपडी घालून घरात ठेवा. मासे कुणा माहितगार माणसाला द्या. तलावात किंवा नदीत सोडू नका. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे, आणि आपल्या ओढ्यातल्या लहान देशी माशांच्या खाण्यावर आणि पिल्लांवर ते घाला घालतात.

टाचण्या काढण्याचा खात्रीचा मार्ग एकच आहे, आणि तो हाताने करायचा आहे. त्या दिवसा मॉसच्या आत दडतात, रात्री बाहेर येऊन पानांवर बसतात. दिवे बंद केल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन बसा, बारीक जाळीने किंवा मोठ्या सिरिंजने एकेक उचला. मुलीला हे काम द्या, तिची नजर तुमच्यापेक्षा तीक्ष्ण असेल. मग एका सुट्टीच्या दिवशी मॉस आणि सुटी झाडं टाकीच्याच पाण्याने भरलेल्या पांढऱ्या टबात काढा आणि हलक्या हाताने झटका. लहान लहान पिल्लं पांढऱ्या तळावर चटकन दिसतात. श्रिम्पची पिल्लंही झटकली जातील, ती परत टाकीत सोडा. एका फेरीत काम होणार नाही. देठातली राहिलेली अंडी नंतर फुटतात, म्हणून पुढचे दोन महिने आठवड्यातून एकदा तरी टॉर्च घेऊन पाहा. अगदी नुकती फुटलेली पिल्लं मोठे गप्पी स्वतःच खातात, त्यामुळे दर फेरीला संख्या घटत जाईल. नवीन मादी आत येऊन अंडी घालू नये म्हणून टाकीला झाकण असू द्या.

आता मुलीचा प्रश्न. "कुणालाही मारायचं नाही" हे ११ वर्षांचं मूल म्हणतं, तेव्हा "त्याला काय होतंय, किडा तर आहे" असं उत्तर देऊ नका. तिला पर्याय द्या. काचेच्या बरणीत टाकीचंच पाणी, थोडं मॉस आणि पाण्याबाहेर वितभर येईल अशी एक खडबडीत काडी ठेवा, तोंडाला जाळीचं कापड बांधा. एका बरणीत एकच पिल्लू ठेवा, दोन असली तर एकमेकांना खातात. खायला वाळूतल्या त्या लाल अळ्या द्या. दोन-तीन दिवसांनी थोडं पाणी बदला. काही आठवड्यांनी, कधी त्याहून बऱ्याच काळाने, एका सकाळी ते पिल्लू काडीवर चढेल, पाठीवर कात तडकेल आणि टाचणी बाहेर येईल. पंख सुकून ताठ होईपर्यंत तिला हात लावायचा नाही, मग बाल्कनीतून सोडायची. टाचण्यांमध्ये रमलेल्या मुलीला चतुरांचीही गोष्ट सांगा. मालदीवमध्ये दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास चतुरांचे थवे उतरतात. चार्ल्स अँडरसन या अभ्यासकाने २००९ साली असं मांडलं की ते भारतातून निघून समुद्र ओलांडत पूर्व आफ्रिकेकडे जात असतात. तुमच्या मैदानावर पावसानंतर घिरट्या घालणारे पिवळसर चतुर दिसतात, त्यांच्यातच ही जातही असते.

बरण्या वाढल्या, तुम्हाला झेपेना, तर तसं मुलीला सरळ सांगा. श्रिम्पना वाचवायला टाचणीची दहा पिल्लं काढून टाकावी लागणं, यात काही पाप नाही. टाकी आपण माणसांनी मांडली आहे, तिच्यात कुणी कुणाला खावं हेही शेवटी आपल्यालाच ठरवावं लागतं. मुलीला हे आत्ता पटलं नाही तरी चालेल. पण तिच्यापासून लपवून, ती शाळेत गेल्यावर करू नका.

नवी झाडं आणताना यापुढे काय करायचं, हे इतर वाचकही विचारतात. शक्य असेल तर जेलीच्या डबीत मिळणारी टिश्यू कल्चरची रोपं घ्या. ती महाग असतात, पण प्रयोगशाळेत वाढलेली असल्याने अंडी, गोगलगायी, काहीच सोबत येत नाही. साधी रोपं आणली तर वेगळ्या भांड्यात, खिडकीच्या उजेडात तीन-चार आठवडे ठेवा आणि मधूनमधून पांढऱ्या टबात झटकून पाहा. अंडी तेवढ्यात बहुतेक फुटतात. मात्र तुमच्या बादलीबद्दल वर सांगितलं तेच या भांड्यालाही लागू आहे: तलम कापड बांधल्याशिवाय ते ठेवायचं नाही. तुरटीच्या पाण्यात बुडवल्याने गोगलगायी मरतात, पण देठाच्या आतल्या अंड्यांसाठी तिच्या भरवशावर राहू नका.

सेक्रेटरींना निरोप पाठवण्यापेक्षा घरी बोलवा आणि तो पांढरा वाडगा दाखवा. वाहतं पाणी, झाकण आणि गप्पी असलेली टाकी डासांची पैदास करत नाही, हे त्यांना पाच मिनिटांत कळेल. त्यांच्याकडून एक कबुली मात्र घ्या: सोसायटीत धुराची फवारणी असेल तेव्हा आदल्या दिवशी कळवायचं. ते औषध मासे आणि श्रिम्पना घातक असतं आणि हवेचा पंप तीच हवा ओढून पाण्यात सोडतो. फवारणीच्या वेळी खिडक्या लावा, पंप बंद करा, टाकीवर ओला टॉवेल घाला. धूर पुरता निघून गेल्यावर खिडक्या उघडा आणि मगच पंप सुरू करा. घरात डासांचा स्प्रे मारताना आणि लिक्विडचं मशीन लावतानाही टाकीची खोली टाळा.